वसंतातल्या सातारा भेटीसाठी कोणते कपडे घ्यावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाल्गुन लागला की आमच्या साताऱ्याच्या घरी फोन येऊ लागतात. कोणाला सुट्टी जोडून मिळालेली असते, कोणाला सज्जनगडाचे दर्शन राहून गेलेले असते, तर कोणाच्या घरचे लग्न इथल्या कार्यालयात ठरलेले असते. मुक्काम किती दिवसांचा, गाडी कोणती, हे बोलून झाले की हमखास प्रश्न येतो, ‘वहिनी, कपडे कसे आणू?’ गेली अनेक वर्षे मी या प्रश्नाची तुकड्यातुकड्यांनी उत्तरे देत आले आहे. तीच उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत साताऱ्यात दोन ते चार दिवसांसाठी येणाऱ्यांना ती उपयोगी पडावीत.

या दिवसांत साताऱ्याची हवा नेमकी कशी असते?

सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटर उंचीवर, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. मार्चमध्ये दुपारी पारा ३५ अंशांच्या घरात जातो आणि पहाटे तोच १७-१८ अंशांपर्यंत उतरतो. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना हा फरक सर्वांत जास्त चकवतो, कारण समुद्राकाठच्या दमट हवेत दिवस आणि रात्र यांच्यात एवढे अंतर नसते. इथली हवा या महिन्यांत कोरडी आणि आभाळ निरभ्र असते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आभाळात भराभर सोडून देते आणि ती अडवायला ढग किंवा बाष्प नसते, म्हणून पहाट गार होते.

‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे आपण म्हणतो आणि दुपारपुरते ते खरेही असते. पहाटेची थंडी मात्र साताऱ्यातून इतक्या लवकर जात नाही. पाडव्याच्या सकाळी गुढी उभारताना अंगणात अजूनही गार वाटते. एप्रिल सरत आला की पहाट उबदार होते, दुपार आणखी कडक होते आणि वळवाच्या पावसाची शक्यता वाढते.

मुक्काम चार दिवसांचा आहे, तर चार जोड घ्यावेत का?

दिवस मोजून कपडे घेण्याची सवय बहुतेकांना असते आणि बॅग जड होण्याचे मुख्य कारण तेच असते. साताऱ्यासाठी दिवस मोजण्याऐवजी प्रहर आणि उंची मोजावी, असे माझे ठाम मत आहे. सकाळी सहाला अजिंक्यताऱ्यावर, दुपारी दोनला मोती चौकात आणि संध्याकाळी कासच्या पठारावर असणारा माणूस एकाच दिवसात तीन हवांमधून जातो. त्याच्याजवळ चार सारखेच शर्ट असून उपयोग नसतो. एकावर एक चढवता येतील आणि एकेक करून उतरवता येतील असे तीन पातळ थर जवळ असतील, तर दोन जोडांतही चार दिवस नीट निघतात.

हे तीन थर म्हणजे अंगाला लागून घाम टिपणारा सुती सदरा किंवा कुर्ती, त्यावर ऊब धरणारे हलके स्वेटर किंवा शाल आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे पातळ जर्किन. शरीराला ऊब मिळते ती मुख्यतः कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे, म्हणून दोन पातळ थर पुष्कळदा एका जाड थरापेक्षा अधिक ऊब देतात. शिवाय ऊन चढू लागले की त्यांतला एक काढून पिशवीत टाकता येतो. जाड कोट घालून आलेल्या पाहुण्याला मात्र सकाळी दहा वाजता तो हातावर टाकून दिवसभर वागवावा लागतो.

म्हणजे स्वेटर आणावेच लागेल?

एक आणावे, पण पातळ. हातमोजे, जाड मफलर आणि डिसेंबरातले जड स्वेटर यांची गरज पडत नाही. ज्येष्ठ मंडळींसाठी शाल सर्वांत सोयीची असते, कारण ती बसमध्ये पांघरता येते, देवळात खांद्यावर घेता येते आणि उशाशी घडी करूनही ठेवता येते.

आमच्याकडे माणदेशातल्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी घरोघरी असत आणि आजही अनेक घरांत आहेत. सनगरांनी विणलेले अस्सल घोंगडे वाऱ्यात आणि रिमझिम पावसातही ऊब टिकवते, कारण लोकर ओलसर झाली तरी तिच्यात हवा धरली जाते. प्रवासात ते जड होते हे खरेच, पण गाडी स्वतःची असेल आणि रात्री गच्चीवर बसण्याचा बेत असेल, तर मी घोंगडे जरूर घ्यायला सांगते.

सुती कपडे चांगले की लवकर वाळणारे सिंथेटिक?

दुपारच्या उन्हासाठी सुती कपड्याला तोड नाही. पातळ सूत घाम शोषते, कोरड्या हवेत तो घाम उडून जातो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून थंड वाटते. यासाठी कापड विरळ विणीचे आणि अंगाला न चिकटणारे हवे. मलमल, वॉयल, पातळ खादी किंवा हातमागाचे सैल कापड साताऱ्याच्या मार्चला अगदी योग्य ठरते. लिनन अतिशय सुखद असते, मात्र तासाभरात त्याला सुरकुत्या पडतात. ज्यांना ते खपत नाही, त्यांनी लिननच्या वाटेला जाऊ नये. टेरिकॉट चुरगळत नाही, म्हणून प्रवासाच्या दिवसासाठी एखादी पँट त्याची चालेल. पूर्ण पॉलिस्टरचा शर्ट लवकर वाळतो हे मान्य, पण दुपारी तो अंगाला चिकटतो आणि त्यात घामाचा वास धरून राहतो.

जीन्सबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण प्रत्येकाच्या बॅगेत ती असतेच. काही वर्षांपूर्वी चैत्रात माझा मावसभाऊ सहकुटुंब आला होता. दोघा मुलांच्या मिळून पाच जीन्स होत्या आणि दुसरी साधी पँट एकही नव्हती. कासहून दुचाकीवर परत येताना यवतेश्वरच्या घाटात वळवाने त्यांना गाठले. घरी पोचले तेव्हा मुलांच्या जीन्समधून पाणी ठिबकत होते. त्या पिळताना माझे मनगट दुखले. दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलेच राहिले. संध्याकाळी दोरीवरून काढल्या तेव्हा पाय वाळले होते, पण कमरेची दुहेरी पट्टी आणि खिशांची अस्तरे हाताला गार आणि ओली लागत होती. त्याच दिवशी भिजलेली माझी सुती सलवार रात्री घरातच दांडीवर टाकली होती आणि ती सकाळी वापरण्याजोगी झाली होती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की जीन्स आणायचीच असेल तर अंगावर घालून या आणि बॅगेत दुसरी जीन्स ठेवू नका.

रंगाचाही विचार करावा. पांढरा आणि फिका रंग उन्हाची उष्णता परतवतो, काळा व गडद रंग ती शोषून घेतो, त्यामुळे दुपारसाठी फिके रंगच बरे. मात्र पांढराशुभ्र कपडा या दिवसांत इथे टिकत नाही. ऊसतोडीचा हंगाम मार्चपर्यंत चालतो, तोडलेल्या फडातला पाला पेटवला की त्याची काळी काजळी वाऱ्याबरोबर उडत येते आणि हाताने झटकायला गेले की कपड्यावर रेघ उमटते. काजळी पडलीच तर हात न लावता कपडा नुसता झाडावा किंवा तिच्यावर फुंकर घालावी. फिकट रंगावर बारीक छाप किंवा चौकडा असेल तर असे डाग लपतात, हा माझा अनुभव आहे.

वळवाच्या पावसासाठी काय तयारी ठेवावी?

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात येणाऱ्यांनी फार चिंता करू नये. मार्चच्या अखेरीपासून मात्र हा पाऊस गृहीत धरूनच निघावे. वळीव सकाळी सहसा येत नाही. सकाळभर जमीन तापते, गरम हवा वर चढते, दुपारनंतर ढग उंच होत जातात आणि तीन-चारच्या सुमारास एकाएकी वारा सुटतो. आधी धूळ उठते, मग टपोरे थेंब पडतात आणि कधी गाराही पडतात. अर्ध्या-पाऊण तासात सगळे ओसरते. त्यामुळे दुपारी बाहेर पडताना आभाळ निळे आहे म्हणून जर्किन खोलीवर ठेवून जाणे हीच नेमकी चूक ठरते.

या पावसात छत्री कामाला येत नाही, कारण वाऱ्याने ती उलटते. टोपी असलेले, मुठीत मावेल एवढी घडी होणारे पातळ जर्किन किंवा रेनकोट घ्यावा. वाऱ्यातही तोच उपयोगी पडतो, म्हणजे एकाच वस्तूत दोन कामे होतात. मोबाइल, पाकीट आणि एक कोरडा मोजे-जोड ठेवण्यासाठी दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या सॅकच्या वरच्या कप्प्यात असाव्यात. ओले कपडे परत आणायला त्याच पिशव्या चालतात.

इथे कपड्यांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. वळवाबरोबर विजा येतात आणि गडाचा माथा किंवा उघडे पठार ही विजेच्या वेळी थांबण्याची जागा नव्हे. हवामान खात्याचा त्या दिवसाचा इशारा सकाळीच पाहावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आपल्या आसपासच्या विजांची सूचना देते, ते मोबाइलमध्ये असू द्यावे. ढग दाटू लागले की जर्किन चढवत बसू नये, आधी खाली उतरावे.

अजिंक्यतारा आणि कास यांसाठी वेगळे कपडे लागतात का?

वेगळे कपडे लागत नाहीत, पण पँटची निवड विचारपूर्वक करावी लागते. पावसाळ्यात वाढलेले गवत या दिवसांत वाळून पिवळे झालेले असते आणि त्याची कुसळे वाऱ्याने सुटी होतात. कुसळाचे टोक सुईसारखे असते, त्यावर बारीक केस असतात आणि शेपटी पीळ भरलेली असते. त्यामुळे ते कापडात शिरले की चालताना आतच सरकत जाते. विणीच्या मोज्यांत, लेगिंगमध्ये आणि लोकरीच्या काठात ते सर्वांत वाईट रुतते. गडावरून उतरल्यावर पायरीवर बसून एकेक कुसळ उपटणारी मंडळी मी नेहमी पाहते. दाट विणीची, गुळगुळीत पृष्ठभागाची, घोट्यापर्यंत येणारी सुती पँट असेल तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. चालताना पायवाट सोडू नये. मोजे काढल्यावर ते उलटे करून पाहावेत, कारण आत राहिलेले कुसळ धुतल्यानेही निघत नाही.

अजिंक्यताऱ्यावर सकाळी साडेसहा-सातला निघावे. चढाला लागेपर्यंत स्वेटर हवेसे वाटते आणि निम्म्या चढावर ते नकोसे होते, म्हणून समोरून उघडणारे, चेनचे किंवा बटणांचे स्वेटर घ्यावे. डोक्यावरून काढायचे स्वेटर असेल तर लोक आळसाने ते अंगावरच ठेवतात, घामाने भिजतात आणि मंगळाईच्या देवळापाशी वारा लागला की त्यांना हुडहुडी भरते.

कासच्या पठाराबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. तिथला फुलांचा बहर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचा असतो. २०१२ साली पश्चिम घाटातील स्थळांबरोबर कासला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तेव्हापासून वर्षभर कोणीतरी फुले पाहायला येत असते. वसंतात पठार कोरडे असते आणि पाहण्यासारखे असते ते आभाळ, तलाव आणि घाटातली चैत्रपालवी. शहरापेक्षा ही जागा चारशे-साडेचारशे मीटर उंच आहे आणि वाऱ्याला तिथे कोणताही आडोसा नाही. संध्याकाळी पातळ जर्किन आणि कान झाकणारा रुमाल यांच्याशिवाय जाऊ नये.

पायात काय घालावे?

मळलेले असले तरी चालतील, पण सवयीचे बूट घालावेत. नवे बूट सहलीला काढले की दुसऱ्या दिवशी टाचेला फोड ठरलेला. लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीत उतरायचे असेल, तर तळव्याला पकड असलेलीच पादत्राणे हवीत. १७१९ ते १७२४ या काळात बांधलेल्या त्या विहिरीच्या दगडी पायऱ्या पुष्कळ ठिकाणी झिजून गुळगुळीत झाल्या आहेत.

बुटांच्या जोडीला एक साधी, पटकन निघणारी चप्पल घ्यावी. देवळांमध्ये पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि दर वेळी नाड्या सोडण्याचा कंटाळा येतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी देवळापुढची फरसबंदी इतकी तापते की अनवाणी माणूस पळतच सुटतो. सज्जनगडावर भर दुपारी माझ्या सासूबाईंच्या तळव्यांना चटके बसले, तेव्हापासून आम्ही जाड सुती मोज्यांचा एक जोड पिशवीत ठेवतो. तापलेल्या फरशीवर मोजे घालून चालले तर पाय वाचतात. अर्थात सकाळी लवकर दर्शन घेणे हाच त्यावरचा खरा उपाय होय.

देवदर्शनासाठी कोणता पोशाख योग्य ठरेल?

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एवढे पाळले की कुठेही संकोच होत नाही. सज्जनगडावर समर्थांची समाधी आहे आणि तिथले वातावरण शांत असते. भडक मजकूर छापलेला टी-शर्ट तिथे आपल्यालाच खटकतो. गडावर मुक्काम करून काकडआरतीला उठणार असाल तर शाल किंवा स्वेटर सोबत हवेच, कारण पहाटे तिथला वारा शहरापेक्षा बोचरा असतो.

संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा एकत्र येतात. घाटावर उतरून पाय धुण्याचा मोह होतोच. त्यासाठी वर दुमडता येईल अशी पँट किंवा सलवार आणि एक पंचा जवळ असला म्हणजे पुरते.

डोके आणि चेहरा उन्हापासून कसा झाकावा?

मोठ्या काठाची सुती टोपी दुपारी घालावीच. क्रिकेटवाली टोपी कपाळ झाकते, पण मान आणि कान उघडे ठेवते. दुचाकी भाड्याने घेऊन फिरणार असाल तर इथल्या बायका वापरतात तसा सनकोट आणि स्कार्फ फार उपयोगी पडतो. सनकोट सुती, सैल आणि पूर्ण बाह्यांचा असतो, त्यामुळे ऊन व धूळ दोन्ही अडतात आणि आतला कपडा स्वच्छ राहतो. राजवाड्यापाशी पोचल्यावर तो काढून डिकीत ठेवला की झाले.

या सगळ्यापेक्षा मला आवडते ती आपली जुनी वस्तू, म्हणजे पंचा. पातळ विणीचा सुती पंचा डोक्याला बांधता येतो, ओला करून मानेवर टाकता येतो, अंग पुसायला चालतो, एसटीच्या खिडकीतून येणारी धूळ अडवतो, तापलेल्या सीटवर अंथरता येतो आणि मार्चच्या कोरड्या हवेत पाऊण तासात वाळतो. जाड टर्किश टॉवेल बॅगेचा कोपरा व्यापतो आणि सकाळचा ओला टॉवेल पुन्हा भरला की सगळ्या कपड्यांना कुबट वास लागतो. माणशी दोन पंचे घ्यावेत आणि टॉवेल घरीच ठेवावा.

साताऱ्याहून एक दिवस महाबळेश्वर-वाईला जाणार आहोत. जादा काही हवे का?

दर १००० मीटर उंचीमागे हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. महाबळेश्वर साताऱ्यापेक्षा सहाशे मीटरहून अधिक उंच आहे, म्हणजे तिथे सुमारे चार अंशांचा फरक पडतो. दुपारी तो सुखद वाटतो, पण सूर्यास्त पाहायला थांबलात तर स्वेटर आणि त्यावर जर्किन असे दोन्ही थर लागतात. वाई खाली, कृष्णाकाठी आहे. तिथे पुन्हा सुती कपड्यांचेच दिवस असतात.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मार्चमध्ये भरपूर असते आणि मुले ती खाताना कपड्यांवर सांडतातच. डाग पडल्याबरोबर थंड पाण्याने मागच्या बाजूने धुवावा. गरम पाणी आणि घाईघाईने चोळणे या दोन्हींमुळे तो पक्का होतो. एप्रिलच्या शेवटी करवंदे येऊ लागतात. त्यांचा चीक आणि रस दोन्ही चिवट असतात, म्हणून त्या दिवशी गडद रंगाचा सदरा घालणे शहाणपणाचे.

सण किंवा लग्नकार्यासाठी येणाऱ्यांनी काय घ्यावे?

आपल्याकडे रंग खेळतात ते मुख्यतः रंगपंचमीला, होळीनंतर पाचव्या दिवशी. त्या दिवशी शहरात असाल तर एक जुना, परत नेण्याची गरज नसलेला जोड घ्यावा. अंगरखा फुलबाह्यांचा असावा, म्हणजे रंग कातडीला कमी लागतो. त्याच दिवशी वाई तालुक्यातल्या बावधनला भैरवनाथाचे बगाड निघते. बैलांनी ओढलेल्या त्या बगाडाबरोबर शेतांमधून चालताना धूळ आणि गुलाल यांनी माणूस माखून निघतो. तिथे रेशमी किंवा पांढरे काही नको. बायकांनी ओढणी खांद्यावर मोकळी न सोडता कमरेला बांधावी, कारण गर्दी फार असते.

चैत्रात घरोघरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू असते. साताऱ्यात ओळखीचे एखादे घर असले तर आंब्याची डाळ आणि पन्हे घ्यायला बोलावणे येणारच, आणि तेव्हा सगळे कपडे चढण्या-उतरण्याचे निघाले की पाहुणी अवघडते. म्हणून प्रत्येकीने एक हलकी सुती किंवा खणाच्या काठाची साडी, नाहीतर एखादा चांगला ड्रेस घ्यावा, असे मी आवर्जून सांगते. तोच पोशाख देवळात आणि शाहू कला मंदिरातल्या नाटकालाही चालतो. पुरुषांचे एका स्वच्छ कुर्त्यावर भागते.

लग्नासाठी पैठणी आणणाऱ्यांनी ती जुन्या मऊ सुती साडीत किंवा पंचात गुंडाळून आणावी, प्लास्टिकमध्ये नको. जरीवर अत्तर किंवा स्प्रे उडू देऊ नये, कारण तिथे ती काळी पडते. घडी नेहमीच्याच रेषेवर न घालता थोडी सरकवावी.

लहान मुले आणि ज्येष्ठांसाठी कोणती वेगळी काळजी घ्यावी?

आमच्या घरी राहून गेलेल्या मुलांवरून सांगते, मुलांसाठी मात्र दिवस मोजूनच कपडे घ्यावेत आणि वर दोन जोड जादा घ्यावेत. पहाटेसाठी कानटोपी आणि दुपारसाठी बिनबाह्यांचे सुती झबले किंवा बनियन, एवढा फरक एकाच दिवसात करावा लागतो. झोपलेल्या मुलाला गाडीतून उचलून खोलीत नेताना संध्याकाळचा वारा लागतो, तेव्हा एखादी दुपटी किंवा छोटी गोधडी हाताशी हवी.

ज्येष्ठांना ऊन जाणवण्याआधीच बाधते. त्यांचे कपडे सैल असावेत, बंदांचे किंवा मोठ्या बटणांचे असावेत. नऊवारी नेसणाऱ्या आजींच्या एका जादा लुगड्याला बॅगेत जागा राखावी, कारण नऊ वार कापड एका रात्रीत वाळेलच असे नाही.

बॅग कशी भरावी?

आधी अंथरुणावर सगळे कपडे मांडावेत आणि प्रत्येक कपड्याला विचारावे की हा निदान दोन प्रसंगी वापरला जाईल का. ज्याचे उत्तर ‘एखाद वेळेस लागेल’ असे येते, तो कपाटात परत जावा. माझ्या हिशेबाने तीन दिवसांसाठी अंगावरचा जोड सोडून दोन सदरे किंवा कुर्त्या, एक पातळ पँट किंवा सलवार, एक पातळ स्वेटर, एक जर्किन, रात्रीचा एक जोड, एक चांगला पोशाख, आतले कपडे आणि मोजे दिवसांइतके अधिक एक, दोन पंचे, टोपी आणि चप्पल एवढे पुरते. हे सगळे पाठीवरच्या सॅकमध्ये मावते.

सुती कपडे घट्ट गुंडाळ्या करून ठेवले तर जागा कमी लागते आणि कडक घड्या पडत नाहीत. जर्किन आणि स्वेटर तळाशी ठेवू नयेत. पुण्याहून एसटीने निघालेला माणूस खंबाटकीच्या आसपास खिडकी उघडतो आणि साताऱ्याच्या स्टँडवर संध्याकाळी उतरतो, तेव्हा त्याला लागतो तो नेमका हाच थर. रेल्वेने येणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे, कारण स्टेशन शहराबाहेर माहुलीजवळ आहे आणि रिक्षात वारा लागतो. सुई-दोरा, चार सेफ्टी पिना आणि एक जादा नाडा या वस्तू चिमूटभर जागेत मावतात. अनोळखी गावात नाडा तुटल्यावर त्यांची किंमत कळते.

मुक्कामात कपडे धुणे शक्य असते का?

शक्य असते आणि सोपेही असते. कोरड्या हवेमुळे रात्री धुऊन पिळलेली कुर्ती सकाळपर्यंत वाळते. पिळल्यावर ती कोरड्या पंचात गुंडाळून एकदा दाबली की आणखी लवकर वाळते. वाळत घालताना जोरात झटकून, हाताने बाह्या ओढून सरळ केली तर इस्त्री लागत नाही. रंगीत कपडे दुपारच्या उन्हात टाकू नयेत, ते विटतात. बाल्कनीत चिमटे लावायला विसरू नये, कारण दुपार कलल्यावर पश्चिमेचा वारा सुटतो आणि दोरीवरचा हलका कपडा शेजारच्या पत्र्यावर जाऊन पडतो.

परतीच्या प्रवासासाठी बॅगेत जागा ठेवावी का?

ठेवावी, कारण कंदी पेढे घेतल्याशिवाय साताऱ्याहून कोणी जात नाही. पेढ्यांचा पुडा कपड्यांत मात्र ठेवू नये. गाडीच्या उबेने तूप सुटते, ते पुठ्ठ्यातून पाझरते आणि घडीतल्या साडीपर्यंत पोचते. पुडा स्टीलच्या डब्यात घालून डबा हातातल्या पिशवीत ठेवावा. तरीही तुपाचा डाग पडलाच, तर त्यावर बेसन किंवा टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवावी, सकाळी झाडून टाकावी आणि मगच कपडा साबणाने धुवावा.